विमानाचं धड आणि सात घोंगड्या

विमानानं प्रवास केलेले आमच्या गल्लीत आता पुष्कळ झालेत. कोणी दुबईला जाऊन आलं, कोणी मुलीकडं अमेरिकेला. विमानाला सोबत घेऊन रेल्वेनं प्रवास केलेला मात्र मी एकटाच. हे मी लग्नाकार्यात इतक्या वेळा सांगितलंय, की 'विमान' शब्द निघाला की बायको कुणाला तरी पाणी द्यायच्या निमित्तानं उठून जाते. म्हणून आता लिहूनच काढतो. वाचणाऱ्यालाही मधेच उठून जायची मुभा आहे.

चिकलठाणा

मी भास्कर. मूळ गंगापूरकडचा, वडील गाडीवान. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि केस पांढरे होईपर्यंत फिटिंगचा मुख्य झालो. छत्रपती संभाजीनगर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं. पावसानं सलग दगा दिलेली ती वर्षं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि तिकडं पडेगावच्या पुढं, जिथं आम्ही पूर्वी सायकली घेऊन हुरडा खायला जायचो, तिथं सात-सात मजल्यांच्या इमारती उठत होत्या. पाणी आटत होतं आणि शहर फुगत होतं. अशात आमच्या कारखान्याला विमानाच्या धडाचा एक तुकडा बनवायचं काम मिळालं.

धड म्हणजे प्रवासी ज्यात बसतात तो पोकळ नळा. आमचा तुकडा त्यातला मधला, दाराच्या चौकटीसकट. दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तरी आत मावतील एवढा उंच. पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि त्यातला पत्रे जोडणारा प्रत्येक रिव्हेट माझ्या माणसांनी मारलेला. हा तुकडा उडणार मात्र नव्हता. बेंगळुरूच्या एका चाचणी केंद्रात त्यात हवा भरायची, सोडायची, पुन्हा भरायची, असं तो फुटेपर्यंत करत राहायचं होतं. तो ठरलेल्या मुदतीच्या आत फुटला, तर आमचं काम कच्चं. वाटेत त्याला कुठं ठेच लागली, तर चाचणीच खोटी, कारण मग फुटला तो कामामुळं की ठेचेमुळं हे देवालाही सांगता येणार नाही. दोन्हींत आमचं नाव कायमचं यादीतून जाणार होतं. मालकांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "भास्कर, तू सोबत जा. पोरीला सासरी पोचवतात तसं पोचवून ये."

रस्त्यानं न्यायचं तर जालना रोडवर तेव्हा उड्डाणपुलांचे खांब उभे होते, पुढं खड्डे होते, आणि खड्ड्याचा एक दणका आम्हाला पुरला असता. म्हणून रेल्वे. असा मापाबाहेरचा माल रेल्वे फक्त उजेडी चालवते, बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या वेगानं, आणि सोबत स्वतःचा एक जाणकार देते. आमच्या वाट्याला आले युसुफभाई. गोरे, ठेंगणे, किराडपुऱ्यातले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी वॅगनभोवती एक फेरी मारली, सगळे पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाले, "चार बोटं खाली घ्या. पुलाच्या मापात बसत नाय."

झालं. तुकडा ज्या लाकडी पाळण्यावर ठेवला होता तो तासून खाली घ्यावा लागला. त्यामुळं धड आणि बाजूचे लोखंडी खुंट यांच्यात वीतभर फट पडली. भरायला फोम पुरेना आणि गाडी सकाळी सुटायची होती. आता माझी अक्कल ऐका. वडील पैठणच्या बाजाराला रांजण न्यायचे, ते कडब्यात रचून. जन्मात एक रांजण फुटला नाही. मी गंगापूरला भावाला फोन केला आणि त्याच्या गंजीतला कडबा मागवला. दुष्काळात कडब्याची पेंढी म्हणजे काय चीज असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा आवाज ऐकू येईल. "जनावरं उपाशी हायेत अन् तू इमानाला चारा घालायलास व्हय?" तो म्हणाला. पण पाठवला. पोत्यांत ठासून भरला, फटीत बसवला आणि मी लाथ मारून पाहिली. हललं नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

जालन्यापर्यंत

आमची गाडी म्हणजे एक इंजिन, पुढं-मागं रिकाम्या वॅगन, मधे हिरव्या ताडपत्रीत गुंडाळलेलं आमचं धड आणि शेवटी ब्रेकव्हॅन. वॅगनची मधली बैठक खोलगट होती, जवळजवळ जमिनीला टेकलेली. ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड, युसुफभाई, मी, एक स्टोव्ह आणि पाण्याचे दोन ड्रम. पाणी वाटेत मिळेल यावर त्या वर्षी कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

गाडीच्या त्या चालीनं प्रवास करून पाहावा. करमाडच्या शिवारात बाभळीवर बसलेला पक्षी आम्ही येईपर्यंत बसलेला आणि गेल्यावरही तिथंच. शेतं ढेकळांची. मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून काळ्या पडलेल्या, आणि लोक त्याच बागा तोडून सरपण करत होते. बघवत नव्हतं, आणि वेग असा की नजर फिरवायची सोयही नव्हती.

युसुफभाईंनी घरून मटणाचा नान-खलिया आणला होता. मी माळकरी घरातला, माझ्याकडं भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी माझ्या ठेच्यात त्यांचा नान बुडवून खाल्ला आणि मी त्यांच्या खलियाचा फक्त वास घेतला. जेवताना ते अपघात सांगायचे. एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर वळणावर कसा कलंडला, कापसाच्या वॅगनीला धावताना कशी आग लागली, एकदा पूल ओलांडताना लोखंडी तुळई कशी कठड्याला घासत गेली. मीही सोडलं नाही. परदेशात मालगाडी घसरून विमानांची धडं नदीकाठी घरंगळल्याचा फोटो मी पाहिला होता, तो सांगितला. ते ऐकून त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

"भास्करभाऊ, एक बात याद रखो," ते म्हणाले. "माल गिरता बाद में है. पहले सरकता है. सरकताना बघितला तर वाचला."

परतूरच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी सकाळी एका लहान स्टेशनात आम्हाला बाजूच्या रुळावर घातलं. एकेरी मार्ग, समोरून दोन गाड्या यायच्या होत्या. एक लिंब, एक बाक, कोरडा हापसा, आणि प्लॅटफॉर्म म्हणजे नुसता मुरुमाचा ओटा.

पंधरा मिनिटांत माणसं यायला लागली. आधी दोन बाया, मग दहा, मग ओळच. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा, काखेत घागर. त्यांच्या मागून मेंढरं-शेरडं हाकत धनगरवाड्यावरची माणसं. मला आधी कळेना. मग युसुफभाईंनी हळूच आमच्या वॅगनकडं बोट केलं. हिरव्या ताडपत्रीखालचं गोल, लांबुडकं, प्रचंड पिंप. त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येतं ही बातमी गावोगाव पोचली होती.

सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती. हिराबाई, असं मागाहून कळलं. कपाळाला ठसठशीत गोंदण, हातात काठी. तिनं ताडपत्रीवर काठी वाजवली आणि मला विचारलं, "तोटी कुठं हाय, दादा?"

"मावशी, ह्यात पाणी नाय. हे विमान हाय. विमानाचा तुकडा."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग मागच्या बायांकडं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोघी-तिघी हंडे उपडे ठेवून त्यावर बसल्या, कारण एवढ्या उन्हात आल्या पावली परत जाण्यातही अर्थ नव्हता.

आता इथं माझं चुकलं. मला वाटलं, पाणी नाही तर निदान पाहण्यासारखं काहीतरी दाखवू. खरं सांगायचं तर मिरवायची हौस. मी एका बाजूची ताडपत्री सोडून वर केली. उन्हात पत्रा असा चकाकला की बाया डोळ्यांवर पदर धरून मागं सरल्या. मी सांगत सुटलो. हे दार, ह्या खिडक्या, हा जोड आम्ही कसा केला, हे सगळं आपल्या औरंगाबादेत बनलं. "आपल्या मराठवाड्यात," असं मी तीनदा म्हणालो. हिराबाईनं पत्र्यावरून हात फिरवला. "लई गुळगुळीत केलंय," ती म्हणाली. पारितोषिक मिळाल्यासारखा मी फुगलो. युसुफभाई ब्रेकव्हॅनच्या सावलीत जेवत होते. वॅगनच्या पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं.

गाड्या गेल्या, सिग्नल पडला. मी ताडपत्री बांधली आणि चढलो. गाडी निघून पुरती शंभर पावलंही गेली नसेल, पुढून 'धाड' असा आवाज आला. एकच. युसुफभाईंनी लाल झेंडी बाहेर काढली आणि गार्डनं ब्रेक ओढला. मी उडी मारून धावत सुटलो.

पलीकडच्या बाजूची पोती फाटून लोंबत होती. आतला कडबा साफ. दोन शेळ्या वॅगनवरच राहिल्या होत्या आणि चालत्या गाडीत शेवटचं चिपाड चघळत उभ्या होत्या. मी विमानाची महती गात असताना पलीकडून अख्ख्या कळपानं विमानाचं पॅकिंग खाल्लं होतं. फट मोकळी झाल्यावर पट्टे सैल पडले आणि धड वीतभर सरकून लोखंडी खुंटाला आपटलं होतं. खुंटाला रबर होतं, तरी पत्र्यावरच्या संरक्षक रंगाला नखाएवढा ओरखडा होता.

मी तिथंच खडीवर बसलो. आठ महिन्यांचं काम, चाळीस माणसांच्या रात्रपाळ्या, आणि मी ते शेळ्यांना घातलं होतं.

युसुफभाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी पहिल्यांदा कंट्रोलला कळवलं, मग जॅक काढले. "रोना बाद में," ते म्हणाले. "सूरज डूबने से पहले इसको सीधा करना है. उठा."

गाडी हळूच मागं घेतली. वाड्यावरची माणसं स्वतःहून आली. हिराबाई आपल्या शेळ्यांना असल्या शिव्या देत होती की गार्डनं तोंड फिरवलं. इकडून जॅक, तिकडून दोर. एक-एक सूत करत आम्ही धड पुन्हा मधोमध आणलं. दुपार कलली. ओरखड्याभोवती मी पांढऱ्या खडूनं गोल काढला. आता फटीत भरायचं काय? भोवतालच्या शिवारात बोटभर मऊ वस्तू नव्हती.

"घोंगड्या चालत्याल का?" हिराबाई म्हणाली.

तिनं दोघींना वाड्यावर पिटाळलं. त्या तासाभरानं आल्या तेव्हा सात घोंगड्या होत्या, काळ्या, जाड, हातमागाच्या. पाण्यात बुचकळून ठोकलेली लोकर, घडी घातली की फळीसारखी व्हायची, दाबली की तेवढीच परत उसळायची. युसुफभाईंनी एक घडी गुडघ्याखाली दाबून पाहिली आणि समाधानानं मान हलवली. मी मात्र अजून धास्तावलेलो होतो. मी शेळ्यांकडं बघतोय हे तिनं ओळखलं.

"शेरडं लोकर खात नाय," ती म्हणाली. "तेवढी अक्कल हाय त्यांना."

मी काय द्यावं? जे होतं ते दिलं. आमच्या दोन ड्रमपैकी भरलेला अख्खा ड्रम आम्ही खाली उतरवला. बायांनी रांग लावली आणि भांडण न करता वाटून घेतलं, प्रत्येकीला कळशीभरही आलं नाही. निघताना हिराबाईनं बजावलं, "घोंगड्या पावसाच्या आत परत पायजेत. आमचं अंथरूण-पांघरूण तेच हाय." परत येताना मी त्या तिच्या हातात दिल्या, झटकून, मोजून.

बीदर, रायचूर आणि एक वही

परभणीला मुक्कामात मालकांना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "वहीत लिहावं लागेल."

"व्हय."

"तू लिहिशील ते खरं. पण भास्कर, शेळ्या लिहू नकोस. प्रवासातली कंपनं लिही."

मालासोबत एक वही असते. वाटेत जे घडेल ते त्यात नोंदवून शेवटी चाचणीवाल्यांच्या हाती द्यायचं. युसुफभाईंनी त्यांच्या रेल्वेच्या वहीत लिहून टाकलं होतं: माल सरकला, पुन्हा बसवला. "मेरा इतनाच है," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही जाणा." उदगीर गेलं, बीदर आलं, वही माझ्या मांडीवर कोरीच. नखाएवढा तर ओरखडा. रंगाचा एक हात मारला असता तर माझ्या बापालाही कळला नसता.

मुलूख मात्र बदलत होता. रायचूरला स्टेशनवर नळ टपकत होता आणि कोणाचंही तिकडं लक्ष नव्हतं. मी उठून बंद केला. पुढच्या फलाटावर आणखी एक, तोही केला. युसुफभाई हसायला लागले, आणि मग तिसरा त्यांनी स्वतः बंद केला. तिथं मी पहिल्यांदा ताटात आधी गोड वाढलेलं पाहिलं आणि शेवटी दहीभात. आमच्याकडं पाहुण्याला शेवटी विचारतात, भात घेणार का. इथं भात घेतल्याशिवाय उठूच देत नाहीत. वाढपी दर वेळी 'साकू', म्हणजे 'पुरे', ऐकल्यावरच थांबायचा, आणि तो शब्द मला तिसऱ्या वाढीनंतर कळला. त्या जेवणानंतर मी वही उघडली.

कंपनं लिहायला पेन टेकवलं, आणि मला माझी माणसं आठवली. आमच्याकडं रिव्हेट मारताना जरा तिरका गेला तर मारणारा स्वतः त्याभोवती खडूनं गोल काढतो आणि खाली सही करतो. कुणी पकडायची वाट बघत नाही. ही शिस्त त्यांना मीच लावली होती, चांगल्या शिव्या देऊन. आता माझ्यावर वेळ आली तर मी कंपनं लिहिणार? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं: पॅकिंगमध्ये कडबा होता. तो मी भरला. मी लोकांशी बोलत असताना शेळ्यांनी तो खाल्ला. वस्तू वीतभर सरकून खुंटाला लागली. जागेवर खडूची खूण आहे. खाली सही केली. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढाच स्वतःबद्दल अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे मला अजून सांगता येत नाही.

बेंगळुरू

चाचणी केंद्रातल्या मुख्य अधिकारी नंदिनी मॅडम. तिशीतली बाई, साधी सुती साडी, केसांत मोगरा, पायांत लोखंडी टोकाचे बूट. त्यांनी उभ्या उभ्या वही वाचली. पान पुन्हा मागं घेतलं आणि परत वाचलं.

"गोट्स?" त्यांनी विचारलं.

"हाँ मॅडम. बकरियाँ. पूरा झुंड."

मागं उभे असलेले दोघे इंजिनिअर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या वॅगनपाशी गेल्या, खडूच्या गोलाजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या, मग एक घोंगडी उचलून बोटांनी चाचपली. "आज तक जितना सामान आया," त्या त्यांच्या कानडी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "सब में लिखा था, कुछ नहीं हुआ. मेरा आधा काम वो ढूँढना है, जो किसी ने नहीं लिखा."

तीन दिवस त्यांनी वेगवेगळी यंत्रं त्या जागेवर फिरवली. मी बाहेर बाकावर. युसुफभाईंना परत जायचं होतं. तेही रजा टाकून थांबले, वर 'बंगलोर देखना है' असं कारण सांगितलं आणि बाकावरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी मॅडम बाहेर आल्या. यंत्रांना चीर दिसली नव्हती. "लेकिन मशीन उतना ही बोलती है जितना देखती है," त्या म्हणाल्या. "बाकी टेस्ट बोलेगा." तुकडा त्यांनी ठेवून घेतला, आणि खडूचा गोल पुसू नका, अशी ताकीद देऊन त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली.

म्हणजे निकाल लागलाच नव्हता. मी घरी आलो ते हे ओझं घेऊन. तिकडं दिवसरात्र हवा भरली जात होती, सोडली जात होती, आणि इकडं दर वेळी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो. आषाढ कोरडा गेला, मग श्रावणात पाऊस लागला. ठरलेली मुदत संपली, तुकडा टिकला. कारखान्यात सगळे निर्धास्त झाले. मी झालो नाही. तो पुढं फुटेपर्यंत चालवणार होते, आणि फुटला तो त्या खडूच्या गोलात फुटला, तर जे काही टिकलं ते नशिबानं, असंच मला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी फोन आला. शॉपमध्ये रिव्हेटिंग चालू होतं, काही ऐकू येईना. मी हात वर केला, रिव्हेट मारायच्या सगळ्या बंदुका थांबल्या.

"भास्कर जी, टूट गया," मॅडम म्हणाल्या.

मी एवढंच विचारलं, "कहाँ?"

"दरवाज़े के ऊपर वाले कोने में. जहाँ हमारा हिसाब कहता था. आपका चॉक वाला जगह एकदम अच्छा है. मैंने खुद देखा."

फोन ठेवला. चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. माझे डोळे वाहत होते, त्यामुळं त्यांना वाटलं घात झाला. मी जवळच्या एका लाकडी ठोकळ्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं, "आपलं फुटलं रे. जिथं फुटायला पायजे, तिथंच फुटलं."